दातांचा खर्च परवडत नाही? दंत महाविद्यालयाची पायरी चढा!

दात ठणकायला लागला की माणसाला दुसरे काही सुचत नाही. ठणका थोडा कमी झाला की मात्र पहिला विचार येतो तो पैशाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवताना हे मी रोज पाहतो. 'हा दात वाचू शकतो' असे सांगितल्यावर समोरच्या माणसाला बरे वाटायला हवे. पण तो विचारतो, "वाचवायचे किती आणि काढायचे किती?" दोन्ही आकडे ऐकले की तो खिसा चाचपतो आणि म्हणतो, "काढूनच टाका जी, कटकट मिटली."

कटकट मिटत नाही, ती तिथून सुरू होते. एक दाढ काढली की शेजारच्या दाढा त्या रिकाम्या जागेकडे कलू लागतात. समोरची दाढ लांबून खाली किंवा वर येते. फटीत अन्न अडकते आणि चांगल्या दाढाही किडतात. माणूस एकाच बाजूने चावू लागतो. भाकरी कुस्करून खायची वेळ पन्नाशीतच येते. ज्या दाढेचे काम सुरुवातीला साध्या सिमेंटने भागले असते, तिच्यापायी दहा वर्षांत चार दाढा जातात.

अशा रुग्णांना मी एक सल्ला नेहमी देतो आणि तो ऐकून ते बुचकळ्यात पडतात. "खर्च झेपत नसेल तर दात काढू नका, दंत महाविद्यालयात जा," असे मी सांगतो. त्यावर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "तिथं तर पोट्टे शिकतात, त्यांच्या हाती तोंड द्यावं का जी?" आणि दुसरा, जरा मिश्कील, "मग डॉक्टरसाहेब, तुमचा दवाखाना कसा चालन?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जो माणूस माझे शुल्क देऊच शकत नाही, तो महाविद्यालयात गेल्याने माझे काही बुडत नाही. गेला नाही तर त्याचा दात मात्र बुडतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांब आहे. आजचा लेख त्यासाठीच.

विम्याचा भरवसा नको

हल्ली बऱ्याच घरांत आरोग्य विम्याचे कार्ड असते. ते कार्ड पुढे करून 'यात रूट कॅनल बसते का?' असे विचारणारे रुग्ण माझ्याकडे येतात. आपल्याकडच्या सर्वसाधारण आरोग्य विम्यात दात भरणे, मुळाचा उपचार, कवळी, दातांवरची टोपी (म्हणजे कॅप) हा खर्च सहसा धरलेला नसतो. अपघातात जबड्याला किंवा दातांना मार बसून रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर गोष्ट वेगळी. म्हणजे दातांच्या रोजच्या दुखण्यापुरते बोलायचे तर विमा असलेला आणि नसलेला हे दोघेही एकाच रांगेत उभे असतात. खर्च खिशातूनच होतो.

खासगी दवाखान्यात हा खर्च जास्त का, हेही समजून घ्यावे. दाताचे काम हे हातकाम आहे. एका मुळाच्या उपचाराला डॉक्टरचे तास जातात. खुर्ची, एक्स-रे, उपकरणे निर्जंतुक करण्याचे यंत्र, सिमेंट, बारीक सुया, प्रयोगशाळेत बनणारी टोपी या सगळ्यांचे पैसे मोजावे लागतात. त्यात लुटालूट नसते. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ते झेपत नाही, हेही तितकेच खरे.

दंत महाविद्यालयात हे गणित बदलते. तिथे डॉक्टर घडवायचे असतात, आणि त्यासाठी रुग्ण लागतात. विद्यार्थ्याच्या श्रमाची किंमत रुग्णाकडून घेतली जात नाही. शासकीय महाविद्यालयात शासनाने ठरवलेले शुल्क असते आणि बाजाराच्या मानाने ते फार कमी असते. खासगी महाविद्यालयांनाही शिकवण्यासाठी रुग्ण हवेच असतात, म्हणून तिथेही दर खासगी दवाखान्यापेक्षा साधारणपणे बरेच कमी ठेवलेले असतात.

'शिकाऊ' म्हणजे नेमका कोण?

लोकांच्या मनात असे चित्र असते की कालपरवा बारावी झालेला मुलगा थेट आपल्या तोंडात यंत्र घालणार. तसे घडत नाही. बी.डी.एस. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष सक्तीची प्रशिक्षणार्थी सेवा, म्हणजे इंटर्नशिप. पहिली दोन वर्षे विद्यार्थी रुग्णाला हातही लावत नाही. या काळात तो शरीररचना, औषधशास्त्र वगैरे विषय शिकतो आणि मेणात दात कोरतो. प्लॅस्टरच्या साच्यांवर आणि काढलेल्या दातांवर तो पोखरणे आणि भरणे गिरवतो. कृत्रिम डोक्यात बसवलेल्या दातांवर त्याचा सराव होतो. त्याची परीक्षा द्यावी लागते. तिसऱ्या वर्षी तो रुग्णापाशी येतो, तोही शिक्षकाच्या देखरेखीखाली.

बी.डी.एस.नंतर तीन वर्षांचा एम.डी.एस. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो करणारे विद्यार्थी म्हणजे पदवी आणि नोंदणी असलेले दंतवैद्यच. ते एका शाखेत विशेष प्रावीण्य मिळवत असतात. महाविद्यालयातली अवघड कामे बहुधा त्यांच्याकडे जातात. तेव्हा 'शिकाऊ' या एका शब्दात तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी आणि अनुभवी पदव्युत्तर डॉक्टर असे तिघेही येतात. काम किती अवघड आहे, यावरून ते कोणाकडे द्यायचे हे ठरते.

आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात सुरू केले. तेव्हापासून आजपर्यंत भारतात शिकलेला प्रत्येक दंतवैद्य याच वाटेने गेला आहे. आज ज्यांच्या दवाखान्यात वेळ घेऊन जावे लागते, त्यांनीही पहिली दाढ अशाच एखाद्या गरीब रुग्णाची, शिक्षक शेजारी उभे असताना काढलेली असते.

प्रत्येक पायरीला सही

माझे शिक्षण नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात झाले. तिथली पद्धत सांगतो, म्हणजे देखरेख कशाला म्हणतात ते कळेल. इतर महाविद्यालयांतही पद्धत साधारण अशीच असते.

माझ्या वाट्याला आलेली पूर्ण कवळीची पहिली केस म्हणजे एक निवृत्त गँगमन. तोंडात एकही दात नाही आणि खालची हिरडी झिजून सपाट झालेली. पूर्ण कवळी एका दिवसात होत नाही. आधी प्राथमिक माप घेतात. त्यावरून त्याच माणसासाठी खास तबक बनवून दुसरे, बारीक माप घेतात. मग मेणाच्या कठड्यांवर दोन्ही जबड्यांतले अंतर आणि चावण्याची जागा ठरवतात. त्यानंतर मेणात दात बसवून ते तोंडात घालून पाहतात आणि शेवटी पक्की कवळी देतात. म्हणजे निदान पाच खेपा, आणि कवळी दिल्यावर टोचते आहे का हे पाहायला आणखी एकदोन.

यातल्या प्रत्येक पायरीला शिक्षक येऊन तपासत आणि वहीवर सही करत. सही नाही तर पुढची पायरी नाही. खालच्या जबड्याचे माप आमच्या सरांनी पसंत पडेपर्यंत तीनदा घ्यायला लावले. ते गृहस्थ शांत बसून होते. तिसऱ्या वेळी ते सरांना म्हणाले, "घ्या जी सावकाश, आमचं काय रेल्वे सुटून नाही राहिली." ती कवळी त्यांना इतकी घट्ट बसली की पुढल्या खेपेला त्यांनी खिशातून भाजलेले फुटाणे काढून आम्हा सगळ्यांसमोर चावून दाखवले. खासगी दवाखान्यात एका मापासाठी एवढा वेळ आणि दोन माणसांची नजर क्वचितच मिळते.

विद्यार्थ्याला आणखी एक बंधन असते. त्याने परीक्षेपूर्वी ठरावीक संख्येने कामे पूर्ण करायची असतात: इतके दात काढणे, इतके भरणे, इतक्या हिरड्या साफ करणे, इतक्या कवळ्या. अर्धवट काम धरले जात नाही. म्हणजे तुमचे काम नीट पूर्ण व्हावे ही त्याचीही गरज असते. रुग्ण पुढल्या तारखेला आला नाही तर विद्यार्थी फोन करून बोलावतो, असा अनुभव तुम्हाला तिथे येईल.

कोणते काम कोणाकडे?

महाविद्यालयात दातांचे वेगवेगळे विभाग असतात. नवा रुग्ण आधी मुखनिदान विभागात जातो. तिथे पूर्ण तोंड तपासतात, लागला तर एक्स-रे काढतात आणि मग योग्य त्या विभागात पाठवतात. दात काढणे, अक्कलदाढ आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया एका विभागात. दात भरणे आणि मुळाचा उपचार दुसऱ्यात. हिरड्यांचे विकार तिसऱ्यात. कवळी, टोपी, ब्रिज चौथ्यात. लहान मुलांचे दात पाचव्यात. वेडेवाकडे दात सरळ करणे सहाव्यात. एका छपराखाली सगळे तज्ज्ञ असतात, ही छोट्या गावाच्या दवाखान्यात न मिळणारी सोय आहे.

साधे दात काढणे, दात भरणे, हिरड्या साफ करणे, पूर्ण कवळी, काढघालीची कवळी ही कामे बी.डी.एस.चे विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थी करतात. पुढच्या, एका मुळाच्या दाताचा उपचारही त्यांच्याकडे येतो. दाढांना दोन-तीन मुळे आणि त्यांत वाकड्या नळ्या असतात. ते काम, आडवी अक्कलदाढ आणि पक्क्या तारा लावणे हे सहसा पदव्युत्तर विद्यार्थी करतात.

एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी बारावीत. लहानपणी सायकलवरून पडून वरच्या पटाशीच्या दाताला मार बसला होता. दात तुटला नव्हता, पण आतली नस मेली, दात काळपट झाला आणि हिरडीवर पुवाची पुळी येत-जात राहिली. मुलगी बोलताना तोंडावर हात धरायची. आईचे म्हणणे, "दात काढून द्या, लग्नाच्या वेळी नवा बसवू." दाताचे मूळ पूर्ण वाढलेले आणि शाबूत होते. मुळाचा उपचार करून तो वाचणार हे दिसत होते, पण घरात कापसाचे पैसे यायला अवकाश होता. मी चिठ्ठी लिहून त्यांना नागपूरला पाठवले. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने काही खेपांत तो उपचार पूर्ण केला. पुळी बसली. पुढे दाताचा काळेपणाही तिथेच झाकून दिला. परीक्षा झाल्यावर मायलेकी पेढे घेऊन दवाखान्यात आल्या, तेव्हा मुलीने तोंडावर हात धरलेला नव्हता. तो दात काढला असता तर सतराव्या वर्षी तोंडात खोटा दात आला असता आणि आयुष्यभर त्याची निगा व खर्च मागे लागला असता.

पैसे कमी, पण वेळ जास्त

या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पैसे वाचतात, पण त्यांच्या जागी वेळ द्यावा लागतो. जे भरण मी अर्ध्या तासात करतो त्याला विद्यार्थ्याला दोन तास लागू शकतात, कारण प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाची वाट पाहावी लागते. रांग असते. एका दिवसात एकच काम होते. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या दिवसांत गती मंदावते. रोजंदारीच्या माणसाची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते आणि वर जाण्यायेण्याचे भाडे.

म्हणून निघण्यापूर्वी हिशेब मांडावा. एस.टी.त ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, ते धरावे. एकच किडलेली दाढ काढायची असेल तर पाच तास एस.टी.त बसण्यात अर्थ नाही. त्यासाठी जवळचे ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. अनेक ठिकाणी तिथे दंतशल्यचिकित्सक असतात, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क केलेले आहेत. मात्र पूर्ण कवळी, मुळाचा उपचार, अनेक दातांची कामे किंवा तारा असतील तर चार-सहा खेपांचे भाडे धरूनही महाविद्यालय बहुतेकदा स्वस्तच पडते.

टोपी किंवा ब्रिज करायचा असेल तर प्रयोगशाळेचा आणि धातूचा खर्च निराळा सांगितला जाऊ शकतो. 'एकूण किती लागतील?' हे काम सुरू होण्याआधीच विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

जायचे कुठे आणि कसे?

राज्यात नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. आपल्या भागातल्या लोकांना नागपूरचे शासकीय महाविद्यालय सोयीचे. ते तिथल्या मेडिकलच्या आवारात आहे. याशिवाय वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) आणि अमरावती इथे खासगी दंत महाविद्यालये आहेत. आपले नातेवाईक इतर जिल्ह्यांत असतील तर त्यांना सांगावे की परभणी, नांदेड, लातूर, धुळे, नाशिक, लोणी, कराड, सांगली, खेड अशा गावीही खासगी दंत महाविद्यालये आहेत. खासगी ठिकाणी दर वेगवेगळे असतात, म्हणून आधी चौकशी करावी.

सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढावा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आधीचे एक्स-रे किंवा औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात. पिवळे रेशन कार्ड असेल तर सवलत मिळते का, हे केसपेपरच्या खिडकीवरच विचारावे. केसपेपर जपून ठेवावा आणि प्रत्येक खेपेला न्यावा. ज्या विद्यार्थ्याकडे काम सोपवले आहे त्याचे नाव, वर्ष आणि विभाग केसपेपरच्या पाठीवर लिहून घ्यावा. पुढची तारीखही तिथेच लिहून घ्यावी. दूरच्या गावाहून आलो आहोत हे सुरुवातीलाच सांगितले तर दोन खेपांची कामे एका दिवशी बसवता येतात का, ते पाहिले जाते.

दात काढायला उपाशीपोटी जाऊ नये. भूल फक्त त्या जागेची असते; दोन घास खाऊनच जावे, नाहीतर चक्कर येते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, फिट्स, गरोदरपण, कुठल्या औषधाची ॲलर्जी यांपैकी काहीही असेल तर ते विद्यार्थ्याला आपणहून सांगावे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती गोळीच दाखवावी. मात्र अशा गोळ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नये.

दात काढल्यावर कापसाचा बोळा सांगितलेला वेळ घट्ट दाबून धरावा. चोवीस तास चूळ भरू नये, थुंकत राहू नये, आणि खर्रा-तंबाखूला तर मुळीच हात लावू नये. थुंकण्याने रक्ताची गुठळी निघते आणि जखम उघडी पडते. वरचा दात काढल्याने नजर जाते आणि दात साफ केल्याने ते हलायला लागतात, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. साफ केल्यावर दात हलताना वाटले तर ते आधीच हलत असतात. किटणाच्या थरामुळे ते कळत नसते, एवढेच.

तुमचे हक्क, तुमची जबाबदारी

शुल्क कमी म्हणून रुग्णाचा मान कमी होत नाही. 'आपले शिक्षक कोण? त्यांनी पाहिले का?' हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काम सुरू करण्यापूर्वी काय करणार, कशासाठी करणार, दुसरा पर्याय आहे का, हे मराठीत समजावून सांगा असे म्हणावे. हातमोजे नवे घातले आहेत का, उपकरणे निर्जंतुक पुडीतून काढली का, याकडे लक्ष द्यावे. खूप दुखत असेल तर हात वर करून थांबवावे आणि शिक्षकांना बोलवा म्हणावे. चांगला विद्यार्थी याने रागावत नाही.

आणि आपली जबाबदारी? दिलेल्या तारखेला जाणे. मुळाचा उपचार अर्ध्यावर सोडून 'आता दुखत नाही' म्हणून घरी बसणारे रुग्ण मी बरेच पाहतो. दुखणे थांबले म्हणजे उपचार संपला असे नाही. आतले तात्पुरते औषध झिजून जाते, पुन्हा जंतू शिरतात आणि मग तो दात काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पाच खेपा जमणार नसतील तर हे काम सुरूच करू नये.

खर्ऱ्याची खूण

दंत महाविद्यालयात जाण्याचे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते आपल्या भागासाठी ते सगळ्यात मोठे आहे. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण खर्रा घोटणारे ठेले गल्लोगल्ली आहेत. सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक आणि पांढरट होत जाते. तिखट लागले की आग होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. ही कर्करोगापूर्वीची अवस्था असू शकते.

दाढ दुखते म्हणून आलेला एक तिशीतला तरुण माझ्या खुर्चीत बसला, तेव्हा त्याच्या तोंडात आरसासुद्धा नीट जाईना. त्याला वाटत होते दाढेमुळेच तोंड उघडत नाही. मी त्याला दाढेचे निमित्त करून महाविद्यालयात धाडले. मुखनिदान विभागात गाल तपासले आणि तुकडा काढून तपासणीला पाठवला. कर्करोग नव्हता, पण त्याच्या वाटेवरची खूण होती. इंजेक्शने, तोंडाचे व्यायाम आणि मुख्य म्हणजे खर्रा बंद, असा उपचार सुरू झाला. कडक झालेला गाल पुन्हा पूर्वीसारखा मऊ होत नाही, पण सवय सुटली तर पुढचा धोका कमी होतो. दाढ कुठेही काढता आली असती. पण महाविद्यालयात दाढेआधी पूर्ण तोंड पाहिले गेले, ते त्याच्या कामी आले.

घरी करून पाहण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. जात नसतील तर दाखवावे. दोन आठवड्यांत भरून न आलेली जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, गालात किंवा गळ्यात गाठ, ही लक्षणे असली तरी दुखण्याची वाट पाहू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, हेच त्याचे मोठे फसवेपण आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या नि:शुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली: चेहऱ्यावर सूज, सोबत ताप, तोंड उघडेना किंवा घोट गिळवेना अशी अवस्था असेल तर महाविद्यालयाच्या तारखेची वाट पाहू नये. दातांतला पू गळ्यापर्यंत उतरला तर जिवावर बेतते. त्याच रात्री जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

दुसरी: स्वस्त म्हणून बाजारात किंवा बसस्थानकाबाहेर पेटी मांडून बसलेल्या माणसाकडे जाऊ नये. कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्यानेच दातांचे उपचार करायचे असतात. हे लोक खोटा दात तारेने आणि प्लॅस्टिकच्या लेपाने शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून देतात. तो काढता येत नाही, साफ होत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत आधाराचे दातही सैल होतात. असा लेप खरवडून काढताना त्याखालची सडलेली हिरडी मी अनेकदा पाहिली आहे. महाविद्यालयातल्या शिकाऊ मुलामागे शिक्षक उभा असतो. या पेटीवाल्यामागे कोणी नसतो.

वाचकांना माझे सांगणे एवढेच. घरात कोणाचा दात दुखून थांबला असेल, आजीला भाकरी चावत नसेल, मुलाचा पुढचा दात काळा पडला असेल आणि पैशाअभावी 'पुढे पाहू' असे चालले असेल, तर पुढल्या आठवड्यात एक दिवस काढा. पराटीची वेचणी सुरू झाली की कोणालाच सवड नसते, त्याआधी जा. कोणत्या विभागात जावे हे कळत नसेल तर गावातल्या कुठल्याही दंतवैद्याकडून चिठ्ठी लिहून घ्या. बहुतेक जण आनंदाने देतात. आम्हीही तिथूनच शिकून आलो आहोत.